आयती खाच

जेवणाचा हात वाळायच्या आत माणूस उठून चालायला लागतो, याला काय म्हणायचं? आईचं म्हणणं होतं, याला कृतघ्नपणा म्हणतात. भाजी कशी झाली ते सांगायचं नाही, ताट सरकवायचं नाही, पेल्यातलं पाणी नरड्याखाली उतरतंय तोवर पायाने चपला चाचपायच्या आणि अंगण ओलांडून कारखान्याच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं. रोज म्हणजे रोज. अंगात ताप असला तरी.

"एवढं काय आहे हो तिथे?" ती विचारायची.

"वारा येतो," मिस्त्री सांगायचे.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. झरोकासुद्धा नव्हता. तिथे जुन्या फळ्या, गंजलेले शिकंजे आणि कोळ्यांचा संसार. वारा बिचारा वाट चुकूनही तिकडे गेला नसता.

"मग येताना थोडा खिशात घालून आणा. मी इथे ओट्यापाशी उकडून निघतेय."

यावर मिस्त्री हसत नसत. पूर्वी हसायचे.

मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. लाकडाच्या धंद्यातले लोक त्यांना साडेनऊ मिस्त्री म्हणत, कारण डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाचं पुढचं पेर बँडसॉने, म्हणजे लाकूड कापायच्या करवतीच्या मशीनने, नेलं होतं. आईला हे नाव खपत नसे. शाळेत ती जेमतेम अक्षर ओळखण्यापुरती गेली होती, पण एक पेर गेल्यावर अर्धं बोट जात नाही एवढं तिला कळत होतं. तोंडावर कुणी साडेनऊ म्हटलं तर ती त्याला उभ्या उभ्या तीन पेरांचा हिशेब शिकवून पाठवायची. तिलाही लोक मागून करवत म्हणतात, हे तिच्या कानावर होतं. त्याचा तिला राग नव्हता. उलट धार अजून टिकून आहे याचं थोडं बरंच वाटायचं.

पेर गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली होती. एका फळीवर एवढासा तुकडा चिमटीत धरून मिस्त्री कापत होते. तुकडा उडाला, फळी सरकली, पातं फळीत अर्ध्यावर शिरलं आणि बोटही घेऊन गेलं. जखम भरली. पण ते पेर काही सापडलं नाही. आईने सगळा भुसा घरच्या चाळणीने चाळला होता. मशीनच्या पोटात हात घालून बघितलं, जमीन झाडली, अंगणातल्या मांजरावरसुद्धा संशय घेतला. नाहीच. जणू कुणी अलगद उचलून खिशात टाकावं तसं ते गेलं.

आणि ते साधं बोट नव्हतं. मिस्त्री लाकूड डोळ्यांनी बघत नसत, त्या बोटाने बघत. घासून झालेल्या लाकडावरून ते पेर फिरवायचे आणि म्हणायचे, "इथे अजून एक हात मार." बाकीच्यांना तिथे काही दिसायचं नाही, पण मारला हात की फरक कळायचा. ते गेल्यावर मिस्त्रींना सगळंच खरखरीत लागायला लागलं. टेबल खरखरीत, अंथरूण खरखरीत. एकदा आईचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुझा हातही खरखरीत लागतो गं." आयुष्यभर भांडी घासलेला हात मखमलीचा कुठून असणार? ती काही बोलली नाही. न बोलण्याची तिची ती बहुतेक एकच वेळ.

पेर शोधलं त्या दिवसापासून तिने बँडसॉच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, अंगणाच्या पलीकडे, त्या खोलीची खिडकी होती. सांगायचं ते खिडकीतून, भांडायचं तेही खिडकीतून.

मशीन आता सून चालवत होती. मुलगा माल पोचवायला गावोगाव हिंडायचा. सुनेचा हात चांगला होता, तोंड कमी होतं आणि हट्ट सासूच्या वरताण होता. दोघींचं पटायचं की नाही हे दोघींनाही नक्की सांगता आलं नसतं. पण सुनेला दुसऱ्या कुणी काही बोललेलं आईला चालत नसे, तो हक्क तिने स्वतःकडे ठेवला होता.

अशात एका बालवर्गाकडून काड्यांच्या संचांचं काम आलं. एक काडी अगदी बुटकी, पुढची जरा लांब, त्यापुढची आणखी लांब. ओळीने मांडल्या की जिना होतो आणि त्यावर बोट चढवत मुलं मोजायला शिकतात. काम दिसायला पोरखेळ, पण बुटक्या काड्या म्हणजे बोटांच्या वैरी. बँडसॉचं पातं वरच्या चाकावरून खालच्या चाकावर सारखं पळत असतं. त्याच्यासमोर एवढासा तुकडा चिमटीत नेला तर आधी तुकडा उडेल की बोट, हे पात्याच्या मर्जीवर.

"हातात धरून कापायचं नाही," आईने खिडकीतून बजावलं. "या घराने एक पेर दिलंय. दुसरं मागायला आलं तर मी लाटणं घेऊन उभी राहीन."

"जिग करते ना, आई," सून म्हणाली.

"काय करतेस?"

"जिग. छोटं लाकूड धरायचा साचा. हात लांब राहतो."

सकाळी कामाला लागली आणि जेवणाआधी सुनेने तो करूनही टाकला. खिडकीपाशी आणून दाखवला. खाली एक जाड फळी. तिच्या पोटाला एक पट्टी मारलेली, ती मशीनच्या टेबलातल्या चरात बसून सरळ पुढेमागे सरकते. फळीवर एक ठोकळा, त्याला काडी आडवी बसेल असा खळगा. काडीचं टोक टेकायला एक अडणी, ती सरकवली की लांबी बदलते. वरून दाबपट्टी. तिचा दोन कानांचा नट पिळला की काडी जागची हलत नाही. आणि सगळ्यात मागे, पात्यापासून वीतभर लांब, धरायला मूठ.

"काडी ठेवायची, नट पिळायचा, मूठ धरून पुढे ढकलायचं. झालं. बोटांचा संबंधच नाही."

"म्हणजे गाडीच की," आई म्हणाली. "आणि पातं कुठून जातं तुझ्या गाडीतून?"

"ही काय, फळीत खाच आहे ना. आयतीच मिळाली. नवीन पाडायलाच लागली नाही. फळीपण काय सुंदर वाळलेली आहे, एवढीसुद्धा वाकलेली नाही."

अंगणाच्या पलीकडून आईला फळी नुसतीच काळपट दिसली. गाडी छान होती. तसं तोंडावर बोलायची पद्धत नव्हती म्हणून ती एवढंच म्हणाली, "बघू, चालते का."

गाडी चालली. लोण्यातून सुरी जावी तशी चालली. संध्याकाळी सून ताटात काड्या घेऊन घरात आली तेव्हा मात्र तिच्या कपाळावर आठी होती.

"आई, या बघा."

सगळ्या काड्या एकाच मापाच्या. बुटक्या. ओळीने मांडल्या तर जिना कसला, सपाट कट्टा झाला असता.

"माप न बदलता कापत सुटलीस? लक्ष कुठे होतं?"

"दर वेळी अडणी सरकवली. ही लांब काडीवर लावली होती, ही तर त्याहून लांब. अडणी जागेवरच आहे, नट घट्ट आहे, आणि कापून हातात येते ती एवढीच."

"मग वरचा तुकडा? तो कुठाय?"

सुनेने सासूकडे बघितलं. "तो सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे? भुशात पडला असेल."

"भुसा चाळला."

आई ताटाशी आली. तिने ताटातली एक काडी उचलली आणि परत ठेवली. काडी कोमट होती.

"कापून किती वेळ झाला?"

"पहिल्या काड्या दुपारच्या आहेत," सून म्हणाली.

रात्रभर ताट ओट्यावर राहिलं. सकाळी चहाचं आधण ठेवताना आईने सहज हात लावून बघितला. ओटा गार होता, ताट गार होतं. काड्या कोमट होत्या.

असल्या गोष्टींना घाबरायचं की नाही हे ठरवायच्या आधी आई कुणाचा हात आहे ते बघायची. आणि घरात संशयित एकच होता. त्या दिवशी मिस्त्री जेवून उठले तशी ती खिडकीशी गेली. मिस्त्री मागच्या खोलीकडे वळलेच नाहीत. ते सरळ बँडसॉच्या खोलीत शिरले. मशीन बंद होतं. त्यांनी स्टूल ओढून गाडीशेजारी मांडलं, बसले, आणि आपला डावा हात फळीवर ठेवला. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. त्यांचे ओठ हलत होते.

"अहो!" तिने हाक मारली. "लाकडाशी काय गुजगोष्टी चालल्यात? इकडे बायको जिवंत आहे अजून!"

मिस्त्री दचकले आणि उठले. परत आले ते चोरासारखे, भिंतीच्या कडेकडेने.

"तुम्ही अडणी हलवता का?"

"मी कशाला हलवू?"

"मग काड्या आखूड का होतात?"

"आखूड कुठे," मिस्त्री पुटपुटले. "बरोबर आहेत."

एवढ्यावर आईने प्रश्न निकालात काढला. कापताना म्हातारा जागेवर नसला की माप आपोआप ताळ्यावर येईल. दुसऱ्या दिवशी सून कामाला गेली तशी तिने मिस्त्रींना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर पाट घेऊन बसली आणि त्यांचा डावा हात घट्ट आपल्या हातात धरला.

"काय हे?" मिस्त्री म्हणाले.

"प्रेम आहे. गप्प बसा."

खिडकीतून सगळं सरळ दिसत होतं. सुनेने काडी खळग्यात ठेवली. दाबपट्टी खाली घेतली. नट पिळायला लागली.

आईच्या हातातला हात ताठ झाला.

"दाबू नको," मिस्त्री म्हणाले.

"मी कुठे दाबतेय?"

"फार घट्ट झालं. थोडं सैल कर."

ते तिच्याशी बोलत नव्हते. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती आणि बोटाचं ते थोटूक तिच्या मुठीत आखडून बसलं होतं, शिकंज्यात धरल्यासारखं. अंगणापलीकडे करवत गुरगुरली. गाडी पुढे गेली. मिस्त्रींनी दातांवर दात दाबले. मग सुनेने नट सैल केला आणि त्याच क्षणी आईच्या हातातला हात सुटला, मऊ पडला.

सुनेने खिडकीतून काडी उंच धरून दाखवली. तीच. बुटकी.

आईने पदराने मानेवरचा घाम टिपला. तिला टेप वाचता येत नव्हता. आकडे फार बारीक असतात. ती आयुष्यभर वीत, मूठ आणि पेर यांनीच मापत आली होती, आणि एखादं माप एकदा हाताला कळलं की ते विसरत नसे. ओट्यावरच्या ताटातली एक काडी उचलून तिने मिस्त्रींच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला लावली. पुढच्या पेराएवढी. ना कमी ना जास्त. मग तिने ती डाव्या हाताच्या थोटकाला टेकवली.

बोट पुरं झालं.

तिने काडी अशी टाकली की ती घरंगळत पार चुलीखाली गेली.

"ती फळी कुठली आहे?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"मागच्या खोलीतली."

"मागच्या खोलीतली कुठली?"

मिस्त्रींनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"खाच आयती मिळाली म्हणाली ती. अर्ध्यावर कापलेली फळी. ती? ती मी तुम्हाला जाळायला सांगितली होती. माझ्यासमोर उचलून नेलीत तुम्ही."

"नेली होती जाळायलाच. आगकाडीही पेटवली होती. मग वाटलं, भुशात नव्हतं, जमिनीवर नव्हतं, मशीनमध्ये नव्हतं. मग पेर गेलं कुठे? हिच्यातच गेलं असणार. म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी करून ठेवली."

"आणि रोज दार लावून तिथे काय करत होतात?"

मिस्त्रींनी आपल्या हाताकडे बघितलं.

"मागत होतो."

"काय?"

"माझं बोट."

आईला हसू फुटणार होतं. ते तसंच विरलं, कारण मिस्त्रींच्या चेहऱ्यावर वेडाचा लवलेश नव्हता. दुकानात दुरुस्तीला दिलेली वस्तू परत मागणाऱ्या गिऱ्हाइकासारखा तो साधा, चिकट चेहरा होता.

"इतकी वर्षं गप्प होती," ते म्हणाले. "आता पातं परत त्या खाचेतून जायला लागलं ना, तशी द्यायला लागलीये. माप बरोबर देते. पण लाकडाचं देते. लाकडाचं बसत नाही गं. मी सांगितलं तिला काल, लाकडाचं नको."

"काय सांगितलंत?"

आणि तेव्हाच तो हात पुन्हा ताठ झाला. या वेळी मिस्त्री दुखल्यासारखे कळवळले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि कित्येक वर्षांत आला नव्हता असा उजेड त्यांच्या तोंडावर आला.

"हे लाकूड नाही," ते हळूच म्हणाले. "हे गरम आहे."

आईने खिडकीकडे बघितलं.

सून मशीनसमोर उभी होती. तिची नजर पात्यावर होती, पण तिथे कुणी नसल्यासारखी. खळग्यात काडी नव्हती. खळग्यात तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट होतं, टोक अडणीला नीट टेकवलेलं, आणि उजव्या हाताने ती शांतपणे नट पिळत होती. पिळून झाल्यावर तिने तो हात मुठीवर ठेवला.

आई कशी धावली ते तिला नंतर कधी आठवलं नाही. अंगणातली बादली लाथेने उडाली, एक चप्पल मागे राहिली. जिथे तिने इतकी वर्षं पाऊल ठेवलं नव्हतं त्या उंबऱ्यावरून ती आत घुसली आणि मशीनच्या लाल बटणावर तिने हाताचा पंजाच मारला.

गुरगुर थांबली. सुनेने झोपेतून उठल्यासारखी मान वळवली. मग तिने खाली बघितलं.

"मी काडी ठेवली होती," ती म्हणाली. "आई, मी काडीच ठेवली होती."

"असू दे. नट सैल कर."

"होत नाहीये."

आईने पिळून बघितलं. दोन कानांचा साधा नट, पण ओतीव लोखंड झाल्यासारखा बसला होता. आणि वर चाक फिरत होतं. बटण बंद केल्यावर चाक थोडं फिरत राहतंच, हे तिलाही माहीत होतं. मग ते मंदावतं आणि थांबतं. हे मंदावलं होतं, पण थांबत नव्हतं. अजिबात आवाज न करता पातं खाली उतरत होतं, एकेक दात वेगळा दिसेल इतकं सावकाश. सुनेने भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढायला सांगितला, आईने तोही ओढला. दिवा गेला. पातं उतरतच राहिलं.

आणि गाडी सरकली. केसभर.

आईने मूठ दोन्ही हातांनी धरली, पाय टेबलाच्या पायाला लावले आणि मागे ओढ घेतली. गाडी मागे येईना, पण पुढे जायची तेवढी थांबली. पलीकडे कुणीतरी तितक्याच निवांतपणे ओढत असावं, तशी.

"अहो! या इकडे!"

मिस्त्री आले. दारात थांबले. सुनेच्या बोटाकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं ती नजर आईला चांगली ठाऊक होती. घासून तयार झालेल्या वस्तूकडे ते असेच बघत.

"सांगा त्या फळीला नको म्हणून," आई म्हणाली.

"नको," मिस्त्री जमिनीकडे बघून म्हणाले.

पातं उतरत राहिलं. गाडी आणखी केसभर सरकली. सुनेने ओठ चावला, पण ओरडली नाही.

"खोटं बोलताय. पूर्वी भाजी खारट झाली की याच आवाजात चांगली आहे म्हणायचात. मी फसले नाही, ती काय फसणार? तिच्याकडे बघून सांगा."

"तुला काय माहीत," मिस्त्रींचा आवाज चिरला. "मला काही लागत नाही हाताला. सगळं खरखरीत. नुसतं खरखरीत."

आईने एक हात मुठीवरून काढला. गाडीने लगेच हिसका दिला, तो तिने अंगावर घेतला. मोकळ्या हाताने तिने मिस्त्रींचं मनगट पकडलं आणि ते थोटूक दाबपट्टीखालच्या सुनेच्या बोटावर नेऊन ठेवलं.

"लावा. आणि काय लागतं ते मोठ्याने सांगा. जसं लाकडाचं सांगायचात तसं."

मिस्त्रींचा हात क्षणभर तिथेच टेकला. मग तो फिरायला लागला. अगदी सावकाश, कडेने, सांध्यावरून.

"इथे घट्टा आहे," ते म्हणाले. "कानशीचा. इथे कधीतरी तार लागलीये. नख उजवीकडे जरा जास्त झिजलंय." ते थांबले. "आत उडतंय काहीतरी."

"नाडी आहे ती. कुणाची?"

मिस्त्रींचं थोटूक नाडीवरच राहिलं.

"कुणाचं बोट आहे हे?"

"तिचं."

"तुम्हाला बसेल?"

पातं एक दात खाली आलं. आणखी एक आलं. सुनेच्या बोटावर, सांध्याच्या रेघेवर, एक पांढरी ओळ उमटायला लागली होती. मिस्त्रींनी मान वर केली आणि पहिल्यांदा सुनेच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या हनुवटीवरून घाम ओघळत होता.

"नाही बसायचं," ते म्हणाले.

मग ते फळीकडे वळले. हाताखालच्या माणसाला दिवसाचं काम संपल्याचं सांगावं तसे, थकलेल्या आणि जरा लाजलेल्या आवाजात म्हणाले, "राहू दे आता. नको मला. गेलं ते गेलं."

चाक थांबलं. नट आपोआप उलटा फिरला, सुटला आणि टणकन जमिनीवर पडला. मूठ इतकी अचानक मोकळी झाली की आई गाडीसकट मागे जाऊन भुशात बसली.

सुनेचं बोट शाबूत होतं. रक्ताचा थेंब नव्हता. फक्त पुढच्या पेराच्या मुळाशी चहूबाजूंनी एक बारीक रेघ होती, कुणी दोरा बांधून माप घेतल्यासारखी. ती रेघ पुढेही कधी पुसली गेली नाही.

लाकूड चिकटवायचा सरस गरम करायच्या शेगडीत त्यांनी ती फळी जाळली, खिळे काढून, तुकडे न करता. करवत लावायची कुणाची छाती झाली नाही. ताटातल्या सगळ्या काड्या आईने मोजून वर ओतल्या, चुलीखाली घरंगळलेलीही विसरली नाही. फळी जळेपर्यंत तिने मिस्त्रींचा हात धरून ठेवला होता. हाताला काही झालं नाही. वास मात्र लाकडाचा नव्हता. केस आणि नख जळल्यावर येतो तो होता. तो कशाचा आहे हे तिघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेने नवी गाडी केली. प्लायवूड नवं, मूठ जरा आणखी लांब. आई या वेळी खिडकीत नव्हती, आत तिच्या खांद्यापाशी उभी होती. फळीत खाच नव्हती, कोरी फळी होती. सुनेने मशीन चालू करून गाडी पुढे नेली आणि पात्याने आपली वाट स्वतः पाडली. मग पहिली काडी कापली. लांब लावली होती, लांब निघाली. वरचा तुकडा टप्पकन भुशात पडला. आईने वाकून तो उचलला, मुठीत धरून बघितला. गार होता. तिने तो कनवटीला लावला आणि स्वयंपाकाला गेली.

दुपारी मिस्त्री जेवले. पाणी प्यायले. आणि पाय सवयीने चपला चाचपायला गेला. चपला होत्या, पण त्यांच्यावर आईचा पाय होता.

"सवय झाली," मिस्त्री ओशाळून म्हणाले.

"बसा."

ते बसले. सून ताटावरून उठत होती, ती रेंगाळली. आईने तिलाही हाताने बसायची खूण केली. साक्षीदार असलेला बरा.

"तुमचा गुन्हा काय तो नीट ऐका," आई म्हणाली. "पेर गेलं, तो गुन्हा नाही. ते परत हवंसं वाटलं, तोही नाही, मलाही पुष्कळ काय काय परत हवंय. पण रोज माझ्या हातचं खाऊन उठलात आणि मागायला गेलात फळीकडे, हा गुन्हा. आजपासून काही मागायचं झालं तर माझ्याकडे मागायचं. मी देणार नाही. पण निदान कुणाचं कापून तरी आणणार नाही."